परत आलेलं पिंप

शिवकन्या एसटीतून उतरली तेव्हा तिचा भाऊ भर दुपारी एक निळं पिंप गल्लीतून गडगडत नेत होता. आधी तिला वाटलं, पाण्याचंच असेल. मग पिंपावर खडूनं लिहिलेलं अण्णांचं नाव दिसलं. पिंप फिरलं की नाव खाली जाई आणि पुन्हा वर येई, धुळीनं थोडं आणखी पुसलेलं.

टेम्पोवाल्यानं ते पारापाशीच उतरवून दिलं होतं. वीस दिवसांपूर्वी हाच टेम्पो दारापर्यंत आला होता. चौघांनी उचलून पिंप आत चढवलं होतं आणि त्याच्या झाकणाला आईनं कुंकू लावलं होतं. एकशे अठरा किलो मध. अण्णा गेल्यानंतरची पहिली काढणी.

पारावर चार-पाच जण बसले होते. त्यातल्या हनुमाननं मांडी बदलली.

"काय बे अभिमन्यू, बाप गेला अन् मधाला साखर लागली व्हय?"

अभिमन्यूनं वर पाहिलं नाही. पिंप एका खड्ड्यात अडकलं होतं आणि तो खांदा लावून ते रेटत होता. शिवकन्येनं पिशवी काखेत मारली, पदर खोचला आणि दोन्ही हात पिंपाला लावले. आतला मध जडपणे हलला, मग पिंप सुटलं.

"ताई, तू कावून आलीस? तुला शाळा न्हाई का?"

"रजा टाकली. रेट."

"हनुमानकाका," जाता जाता ती म्हणाली, "संक्रांतीला तुमच्या घरी दोन बाटल्या गेल्यात आमच्या. लागली असंल साखर तर परत द्या."

पारावर कुणीतरी हसलं. हनुमानही हसला, पण आधी त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

शिवकन्या गेवराईला हायस्कुलात विज्ञान शिकवायची. नवरा बँकेत, तोही तिथंच. माजलगावच्या धरणाचा कालवा ज्या गावाला वळसा घालून जातो, ते हे तिचं माहेर. चहूबाजूंनी ऊस. एवढ्या उसात अण्णांनी, म्हणजे रामहरींनी, सतरा वर्षांपूर्वी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या तेव्हा लोक त्यांना येडा म्हणाले होते. आता पेट्या तेहतीस होत्या. अठरा पेट्या दर हिवाळ्यात चकलांब्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओव्याच्या रानात ठेवायच्या, पंधरा घरामागं कडुलिंबाखाली. तिथं धने, बोरी, बांधावरच्या बाभळी. परिसरातल्या मधवाल्यांनी मिळून कंपनी काढली त्याला सहा वर्षं झाली होती. प्रत्येक बाटलीवर मधपाळाचं नाव आणि प्रत्येक पिंपामागं पुण्याच्या प्रयोगशाळेचा दाखला. दाखला हवाच असा हट्ट अण्णांचाच होता. "आपण म्हनून काय उपयोग? परक्यानं म्हनलं पायजे चांगलं हाय," असं ते म्हणायचे.

आता परक्यानं म्हटलं होतं. अभिमन्यूनं खिशातून कागद काढला, घामानं ओला झालेला, आठ घड्यांचा. शिवकन्येनं तो ओसरीवर मांडीवर ठेवून सरळ केला.

मधपाळ : रामहरी सखाराम. उसाच्या वर्गातली साखर : आठ पूर्णांक सहा टक्के. मर्यादा : सात. शेरा : नमुना अप्रमाणित.

ती पुन्हा पुन्हा पहिलीच ओळ वाचत होती. सभासदाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. मार्गशीर्षाच्या आधी गेलेल्या माणसाच्या नावापुढं माघात शेरा पडला होता, आणि तो माणूस काही बोलायला येऊ शकत नव्हता.

"चेअरमन काय म्हणाले, राधाकिशनकाका?"

"काय म्हनतेत? दहा दिवसांनी सभा हाय. तिथं वाचनार. भेसळ झाली की नाव काढायचं असा नियमच हाय." अभिमन्यूनं घाम पुसला. "नियम अण्णांनीच करायला लावलता."

आई भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज जरा थांबला आणि परत सुरू झाला. "आधी जेवा," कौशल्याबाई आतून म्हणाल्या. "कागुद काय पळून जात न्हाई."

जेवताना शिवकन्येनं जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच विचारलं.

"अभि, साखर किती आणतोस महिन्याला?"

त्याचा घास हातातच राहिला. त्याची बायको सायली चुलीपाशी वाढत होती, ती वळून बघायला लागली.

"इचार की सरळ, ताई. पाक घातला का म्हनून."

"तसं नाही रे."

"तसंच हाय. पारावरचे इचारतेत ते दिसतंय. तू ताटावर इचारतीस." तो उठला नाही, पण ताट थोडं पुढं सरकवलं. "फुलोऱ्याच्या दिवसांत पेटीला पाक दाखवायचा न्हाई, हे मला अण्णांनी हातावर छडी मारून शिकवलंय. तुला पुस्तकातून कळलं आसंल."

सायली म्हणाली, "ताई, चहाला लागती तेवढीच येती. डबा बघा पाहिजे तर."

"बघत नाही," शिवकन्या म्हणाली. आणि मग, त्याचं ताट परत त्याच्यापुढं सरकवत, "चुकलं माझं. जेव."

आईनं दोघांच्याही ताटात न विचारता एकेक चमचा तूप वाढलं.

अण्णांची एक पद्धत होती. मध काढायच्या यंत्रातून पहिली धार आली की ती बाटलीत धरायची, बाटलीवर तारीख आणि जागा लिहायची, आणि ती फळीवर ठेवून द्यायची. विकायची नाही, वापरायची नाही. सतरा वर्षांच्या बाटल्या होत्या, फिकट पिवळ्यापासून काकवीसारख्या काळ्यापर्यंत. शेवटच्या दोन अभिमन्यूच्या हातच्या: 'चकलांबा' आणि 'घर'. पिंपात दोन्हीकडचा मध एकत्र झाला होता, या बाटल्यांत मात्र वेगवेगळा होता.

सकाळी शिवकन्येनं प्रयोगशाळेला फोन लावला. फोनवर ऋतुजा नावाची मुलगी होती, आवाजावरून विशी-पंचविशीची, पण घाई नसलेली.

"मॅडम, ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही एका पद्धतीनं हवेतला कार्बन घेतात. तुमचा ओवा, धने, बाभूळ दुसऱ्या पद्धतीनं. उसाच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण थोडं जास्त असतं. आम्ही मधातलं प्रथिन वेगळं काढतो, ते माशीचं स्वतःचं. त्याचा आकडा आणि मधाचा आकडा जुळला पाहिजे. तुमचा जुळत नाही."

"चूक होऊ शकते?"

"आम्ही तीनदा चालवला. रामहरीकाकांचा नमुना कधी नापास होत नाही, म्हणून तिसऱ्यांदा चालवला." मग तिनं विचारलं. "ते कुठायत? नेहमी तेच फोन करायचे. आधी मला जेवलीस का विचारायचे."

शिवकन्येनं सांगितलं. मग फळीवरच्या त्या दोन बाटल्यांचंही सांगितलं.

"दोन्ही बाटल्या पाठवा मॅडम. मी स्वतः लावते."

शिवकन्येनं बाटल्या गोधडीच्या चिंध्यांत गुंडाळल्या, माजलगावला जाऊन कुरिअर केल्या आणि तिथूनच गेवराईची गाडी धरली.

आठवड्यानं, शुक्रवारी, नववीच्या तासाला फोन थरथरला. तास संपेपर्यंत तिनं तो पाहिला नाही. मग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाआड उभं राहून पाहिला. चकलांबा : आढळली नाही. घर : चौदा टक्के.

चौदा. ती तशीच उभी राहिली. माशी फुलातून एवढी साखर आणत नाही. घरामागच्या लिंबाखाली कुणीतरी, कशात तरी घालून, रोज किंवा रोजच्यासारखं काही दिलं असलं पाहिजे. किंवा मग माश्यांनी स्वतःच ते शोधलं असलं पाहिजे. तिला भारतकाकांचं गुऱ्हाळ आठवलं आणि एकदम हलकं वाटलं. घरापासून हाकेच्या अंतरावर. उघड्यावर रस, उघड्यावर मळी. अभिमन्यूही सुटला, अण्णाही सुटले. सभा रविवारी होती. शनिवारी सकाळचीच एसटी तिनं धरली आणि पिशवी हातात असतानाच गुऱ्हाळावर गेली.

रसाची काहील उकळत होती. पिवळा फेस वर येत होता आणि भारत लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो बाजूला ओढत होता. चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या बाईचा चेहरा धगीनं लाल झाला होता. रसाच्या हौदावर माश्या होत्याच, घरच्याच माश्या. काही कडेला बसून पीत होत्या, काही बुडून तरंगत होत्या.

"ये गं शिवे. वाटीभर काकवी घे." भारत हा अण्णांचा लंगोटीयार. तिला अजून शिवे म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता.

तिनं सगळं सांगितलं. भारतनं ऐकत ऐकत फेस काढला, झारा बादलीत आपटला.

"म्हंजे आता माझ्यावर घालतीस?"

"घालत नाही काका. पण माश्या येतात ना इथं?"

"येतेत की. बारा वर्सं झाली गुऱ्हाळाला, बारा वर्सं येतेत. तुझा बाप हितं बसून मेलेल्या मोजायचा अन् मला शिव्या द्यायचा. मग सहा वर्सं तुमचा मध पास कसा झाला? औंदा काय माश्यांना नवं त्वांड फुटलं?"

वर्गात एखाद्या पोरानं नेमकं विचारावं तसं झालं. भारतनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"माझं नाव घेऊन सुटत आसंल रामहरी, तर घे. माझी ना न्हाई. पर खरं न्हाई ते." त्यानं कपाळ पुसलं. "वहिनीला म्हनावं तिसरी ढेप तयार हाय. उद्या पाठवतो. का तूच नेतीस?"

"कसली ढेप?"

"गुळाची. दोन नेल्या की दिवाळीमागनं. धा-धा किलोच्या. मी म्हनलं, दिवसकार्याला लागत आसंल."

घरात गूळ कोण खातं? चहा साखरेचा. सायलीला गोड आवडत नाही. अण्णा खायचे, भाकरीवर, तुपाबरोबर. आता तेही नाहीत. शिवकन्या ढेप न घेताच परतली. ढेपेचं घरी कुणाला बोलली नाही. अभिमन्यूला नवा आकडा सांगितला तेव्हा तो उघड्या दारातून लिंबाकडं बघत राहिला. "घरच्या पेट्या," एवढंच म्हणाला. उद्याच्या सभेत काय बोलायचं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

रविवारी ती लवकर उठली. दिवस नुकताच वर आला होता. लिंबाखाली गारवा होता, पेट्यांच्या तोंडांशी पहिल्या माश्या पाय चोळत होत्या. कौशल्याबाई तिथंच पाठमोऱ्या वाकल्या होत्या. हातात पितळी तांब्या. पेट्यांच्या मधोमध, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवलेलं एक ताट होतं. ताटात बारीक खडे मांडलेले, माश्या बुडू नयेत म्हणून. तांब्यातलं गुळवणी त्यांनी त्या खड्यांवर हळूहळू ओतलं. धार तुटू दिली नाही. मग ताटाला हात लावून तो कपाळाला लावला.

पहिली माशी उतरली. मग दहा. मग खडे दिसेनासे झाले.

शिवकन्येला आधी सुचली ती रागाची ओळ. मग तिनं पाहिलं, आईनं डोक्यावरून पदर घेतला होता. अण्णांना ताट वाढताना घ्यायची, तसाच.

ती जाऊन शेजारी दगडावर बसली.

"कधीपासून, आई?"

"दहाव्यापासनं." कौशल्याबाई दचकल्या नाहीत. "बस जरा बाजूला, वाटंत बसू नको त्यांच्या."

"का पण?"

कौशल्याबाईंनी तांब्या पालथा घातला. "दहाव्याला कावळा शिवला व्हता का?"

नव्हता. शिवकन्येला सिंदफणा नदीचा काठ आठवला. पिंड मांडून सगळे लांब उभे. अभिमन्यू म्हणाला, पेट्या सांभाळीन. कावळा आला नाही. ती म्हणाली, आईला जपीन. आला नाही. भारतकाका म्हणाले, राम्या, भांडणात घेतलेला बांध मी सोडला, जा. तरी आला नाही. ऊन वर आलं, लोक चुळबुळ करायला लागले, शिवकन्येनंही घड्याळात पाहिलं होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे आंघोळीला गेले.

"तुमी समदे पाण्याकडं गेलता," आई म्हणाली. "मी व्हते बाभळीखाली. पिंडाशेजारी गुळाचा खडा व्हता. त्याच्यावर एक माशी येऊन बसली. आपलीच. सोंड घालून खाल्लं तिनं, चांगलं पोटभर. मग गेली ती घराकडं, सरळ." त्यांनी हातानं दिशा दाखवली. "मी म्हनलं, हां. ह्या माणसानं जन्मभर कावळ्याला गोफण मारली, माशा खातेत म्हनून. तो कावळा कावून येईल शिवायला? हे असंच येनार."

शिवकन्येला हसू आलं. खरंच होतं. अण्णा गोफण घेऊन लिंबाभोवती धावायचे आणि दगड भलतीकडंच जायचा. एकदा सायलीच्या माहेरच्यांच्या टोपीला लागला होता.

"घरात बोलली नाहीस."

"काय बोलायचं? अभि म्हनला असता, येडी झाली. तू पुस्तक काढलं असतंस." कौशल्याबाई माश्यांकडं बघत होत्या. "हितं आलं की बरं वाटतं. जेवले म्हनून वाटतं."

चौदा टक्के, हे शिवकन्येच्या ओठांवर होतं. तिनं ते गिळलं. दगड गार होता, ऊन पायाशी आलं होतं, आणि आई तीन महिन्यांत पहिल्यांदा एवढं बोलली होती.

सभा कंपनीच्या गोदामात होती. सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीला रिकाम्या पेट्यांची चळत. चाळीसेक माणसं. बायांत तिघीच, त्यातल्या एक कौशल्याबाई. अण्णांच्या जागी सभासद म्हणून त्यांचं नाव लावायचं होतं, म्हणून सही करायला त्यांना यावंच लागलं. शिवकन्येनं सकाळपासून एक वाक्य पाठ केलं होतं. ते खोटं होतं, आणि मुलांना निरीक्षणं खोटी लिहू नका म्हणून ती पंधरा वर्षं सांगत आली होती. पण आईचं ते ताट चाळीस माणसांच्या तोंडी जाण्यापेक्षा ते बरं.

राधाकिशन चेअरमन होते. बारीक, कडक, चष्म्याला दोरी. त्यांनी दोन्ही कागद वाचले, जुना आणि नवा. वाचताना अण्णांचं नाव आलं तिथं त्यांनी घसा साफ केला.

"घरच्या पेट्यांत चौदा टक्के. नियम सगळ्यांना ठावं हाय."

"ठावं हाय की," मागून हनुमान म्हणाला. "रामहरीनंच केला. आमच्या पुतन्याला पाक घातला म्हनून गेल्या साली ह्यानंच भाईर काढलं. आता घरच्याला एक अन् भाईरच्याला एक नको."

त्याचं चुकत नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं. अभिमन्यू मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत होता. शिवकन्या उभी राहिली.

"पाक मी घालायला सांगितला," ती म्हणाली. "थंडी जास्त होती, पेट्या अशक्त वाटल्या. अभिमन्यूला ठाऊक नव्हतं. मी स्वतः—"

"तू कुठं व्हतीस?" बायांच्या बाजूनं आवाज आला. "तू तर गेवराईला व्हतीस."

"आई, थांब."

"खाली बस. मास्तरीन हायस अन् खोटं बोलतीस, तेबी धड जमंना तुला." कौशल्याबाई उठल्या नव्हत्या, बसल्या जागेवरूनच बोलत होत्या. "भाऊजी, पाक न्हाई. गूळ हाय. मी घातला."

राधाकिशननी चष्मा काढला.

"कावून वहिनी?"

त्यांनी सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, माशीचं सांगितलं, ताटाचं सांगितलं. गोफणीचं आलं तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं आणि मग बरेच जण हसले, कारण ती गोफण सगळ्यांनीच पाहिली होती. कौशल्याबाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या. "मधात जाईल हे मला ठावं नव्हतं. मी म्हनलं, खातेत अन् झालं. काढायचं ते काढा नाव, पर माझं काढा. ह्यांचं नको. सही मी आज करनारच हाय."

राधाकिशन शिवकन्येकडं वळले. "पोरी, ह्या मशीनला गूळ कुनी घातला ते कळतं का?"

"नाही काका. उसाची साखर आहे आणि किती आहे, तेवढंच."

"किती म्हनतंय?" कौशल्याबाईंनी विचारलं. मघाशी दोनदा वाचला गेलेला आकडा त्यांना कळला नव्हता.

शिवकन्येला त्यांच्याकडं बघून सांगावं लागलं. "घरच्या मधात शंभर भागांत चौदा भाग, आई."

"शंभरात चौदा?"

"हो."

"पुण्याला बसून कळलं त्यांना?"

"हो. पिंपाचा नमुना तर तीनदा तपासला."

कौशल्याबाईंनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. कसला हिशोब करत होत्या कोण जाणे. मग त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की शिवकन्येला तिकडं बघवेना.

"म्हंजे वाया न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "घेतलं की त्यांनी."

हनुमाननं उगाच टोपी काढली, झटकली, परत घातली. त्याची आई भाद्रपदात गेली होती.

"पिंप तर विकायचं न्हाई," मग तो म्हणाला. "ते नियमाला धरून हाय."

"विकायचं न्हाईच," कौशल्याबाई म्हणाल्या. "कोन विकतंय?"

"मग नाव राहू द्या, चेअरमन. अन् माझ्या पुतन्याचंबी बघा परत. त्यानं कावून घातलता, ते कुनी इचारलंच न्हाई."

त्यावर अर्धा तास वाद झाला. राधाकिशननी बुकात काय लिहायचं यावर आणखी अर्धा तास. 'भेसळ' लिहून खोडलं, 'अनवधानानं' लिहिलं, हनुमाननं विचारलं हे कसलं धान, मग तेही खोडलं. शेवटी कौशल्याबाई म्हणाल्या, "गूळ पडला, असं लिवा. पडलाच हाय." तसं लिहिलं. खाली त्यांनी जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत सही केली. अण्णांच्या नावावर रेघ मारायची वेळ आली तेव्हा राधाकिशननी पेन खाली ठेवलं आणि ते कारकुनाला उद्या करायला सांगितलं.

गोदामापासून घर दोन किलोमीटर. अभिमन्यू गाडी आणायला गेला, पण आई चालतच निघाली, म्हणून शिवकन्याही. उसाच्या दोन भिंतींमधून रस्ता जात होता. ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून धूर येत होता.

"आता बंद करायचं न्हवं ते?" आईनं विचारलं.

"बंद. फुलं आहेत तोवर बंद. आणि आई, गुळानं त्यांची पोटं बिघडतात. साखर सोसते, गूळ नाही."

"ह्यांनाबी सोसत नव्हता," कौशल्याबाई म्हणाल्या. "खायचे तरीबी." थोडं चालून पुन्हा: "मग कधी घालतेत? घालतेत म्हनला व्हता न तो अभि, उन्हाळ्यात?"

"चैत्र सरला की. फुलं नसतात, उपाशी मरतात. तेव्हा अण्णापण घालायचे. वैशाखात, सुरुवातीला."

"वैशाखात." आईची पावलं मंदावली. "म्हंजे आकितीला."

शिवकन्येनं एवढी वर्षं ते असं कधी पाहिलं नव्हतं. अक्षय्य तृतीया. घरोघर पितरांना घागर भरतात, आंब्याचा रस न् पोळीचं पान वाढतात. आणि त्याच दिवसांत लिंबाखालच्या पेट्या हलक्या होतात.

"हो," ती म्हणाली. "आकितीलाच."

"काय घालायचं?"

"पिंपातला मध. गूळ त्यात थोडाच आहे, तेवढा सोसेल, आणि विकायचा नाहीच तो. तेहतीस पेट्यांना पुरून उरेल."

मागून अभिमन्यूच्या गाडीचा आवाज आला. तो जवळ येऊन थांबला, बसा म्हणाला. दोघीही बसल्या नाहीत, तेव्हा तोही उतरला आणि गाडी हातानं ढकलत त्यांच्या बाजूनं चालू लागला.

"पिंप सावलीत ठिव रे," आई त्याला म्हणाली. "उन्हात हाय ते."